वाळूवरचा वाटा

वाळूवर कुबडी घेऊन चालायचे असेल तर आधी वाळूचे तीन भाग ओळखावे लागतात. पहिला भाग माडांच्या मुळांपासून भरतीच्या रेषेपर्यंतचा, कोरडा. तेथे कुबडीचे टोक वीतभर खाली जाते आणि खांदा एकाएकी खचतो. दुसरा भाग पाण्यालगतचा, ओला. तो वरून घट्ट दिसतो, पण टेकवलेले टोक धरून ठेवतो आणि ते उपसून काढताना तोल जातो. तिसरा भाग या दोहोंमधला, चार-पाच हात रुंदीचा पट्टा. ओहोटी लागून थोडा वेळ झाला की हा पट्टा पाटीसारखा कठीण होतो. हे मला कोणी शिकवले नाही. चौथ्या वर्षी आलेल्या तापात माझा डावा पाय वाळला, आणि आमचे घर माडांच्या रांगेला लागूनच असल्यामुळे अंगण संपले की वाळूच सुरू होत असे.

कुबडीही मीच सुधारली. वयाच्या पंधराव्या वर्षी मी तिच्या टोकाला नारळाची अर्धी करवंटी बसवली, पालथी, म्हणजे तोंड वाळूकडे. त्यासाठी डोळ्यांकडची बाजू घ्यावी. तीन डोळ्यांपैकी एक मोठा करून त्यातून काठीचे तासलेले टोक घालावे आणि काथ्याने आवळून बांधावे. उरलेले दोन डोळे टोकरून मोकळे ठेवावेत. पहिल्या करवंटीचे डोळे मी डांबराने बुजवले होते, तेव्हा ओल्या वाळूत ती घट्ट चिकटून बसली आणि मी तोंडावर आपटले. हवेला वाट ठेवली की करवंटी सहज सुटते. मला ही चूक उमगायला एक पूर्ण दिवाळीची सुट्टी लागली.

गावाने माझा अपमान केला असे मी म्हणणार नाही. गाव माझ्याशी फार प्रेमाने वागे. लग्नकार्यात मला भिंतीशी, पाट देऊन बसवत. तांदूळ निवडायला मी हात पुढे केला तर सूप माझ्या हातून काढून घेत आणि म्हणत, तू बस गो, तुका कित्याक त्रास. मी सातवीची परीक्षा तालुक्याच्या गावी जाऊन पास झाले तेव्हा सर्वांनी कौतुक केले. शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज केला तेव्हा त्याच सर्वांनी समजावले की मुले हसतील, आणि मला वाईट वाटेल. मला वाईट वाटू नये याची काळजी इतक्या लोकांनी घेतली की मला काही करायलाच उरले नाही.

या प्रेमाचे सर्वांत स्पष्ट रूप रापणीवर दिसे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे. होडी एका दोराचे टोक किनाऱ्यावर ठेवून समुद्रात शिरते, दोर सोडत सोडत खोल जाते, अर्धवर्तुळात जाळे टाकते आणि दुसरा दोर सोडत दूरवर परत किनाऱ्याला लागते. मग दोन्ही दोरांना माणसे लागतात आणि जाळे ओढून घेतात. मासळी वाळूवर पडली की तिचे सारखे वाटे घालतात. ज्याने दोराला हात लावला त्याचा वाटा वाळूवर, इतरांच्या वाट्यांच्या रांगेत पडतो आणि तो ज्याचा त्याने वाकून उचलायचा असतो. म्हाताऱ्या विधवा, आंधळे, आमच्यासारखे पांगळे यांनाही मासळी मिळते. मात्र ती शेवटी, उरल्यासुरल्यातून, आणि थेट टोपलीत. टोपली पुढे धरायची, वरून मूठ पडते. लहानपणी मी आनंदाने टोपली धरली. बाराव्या वर्षी मला रांग आणि टोपली यांतला फरक कळला, आणि त्यानंतर मासळी घ्यायला मी गेले नाही. आईने पुष्कळ रागावून पाहिले.

माझा काका, वडिलांचा धाकटा भाऊ, दक्षिणेकडच्या दोराचा पहिला माणूस होता. पहिला म्हणजे पाण्यात कमरेपर्यंत उभा राहून पाय रोवणारा. ती वर्षे गोव्याच्या लढ्याची होती. तोपर्यंत आमच्याकडच्या होड्या गोव्याला सहज जात, तिकडे मुली दिलेल्या, तिकडून सुना आणलेल्या. मग सीमा बंद झाली. गावात कित्येक घरांत पलीकडच्या मुलीचे पत्र येईनासे झाले. माझ्या आत्याचे घर पलीकडेच होते, आणि ती आहे की नाही हे दोन वर्षे आम्हांला ठाऊक नव्हते. एका पावसाळ्यात काका सत्याग्रहींच्या तुकडीबरोबर सीमेकडे गेला. होळीच्या सुमारास परतला तो एका पायावर. दुसरा पाय गोळी लागून गुडघ्याच्या वरून काढलेला होता.

त्याच्या स्वागताला शाळेच्या पटांगणात सारा गाव जमला. हार घातले, भाषणे झाली. त्याला बसायला हातांची खुर्ची आणली होती. मी माझ्या कुबडीवर मागे उभी होते. येथे मला एक कबुली द्यायची आहे, कारण ती दिल्यावाचून पुढचे नीट समजणार नाही. मला काकाचा हेवा वाटला. त्याची आणि माझी कुबडी एकाच उंचीची होती. त्याच्या कुबडीकडे पाहून लोकांचे डोळे भरून येत होते, आणि माझ्या कुबडीला अडखळून एका गृहस्थाने तिला पायाने बाजूला सारले. गोळीने गेलेला पाय आणि तापाने गेलेला पाय यांत गावाने केलेला हा भेद मी त्या दिवशी मनात नीट नोंदवून ठेवला.

पुढच्याच आठवड्यात काका रापणीवर निघाला. दवाखान्यातून मिळालेली त्याची कुबडी फरशीवर चालण्यासाठी केलेली होती. कोरड्या वाळूच्या चौथ्या पावलाला तो पडला. दहा माणसे धावली, त्याला उचलले आणि उचललेलेच घरी आणून ओसरीवर बसवले. त्यानंतर तो समुद्राकडे पाठ करून बसू लागला. पाहुणे आले की काकी त्याला स्वच्छ सदरा घाली आणि तो सीमेवरची हकीकत सांगे. तीच हकीकत, त्याच शब्दांत. सांगून झाली की तो दिवसभर कोणाशी बोलत नसे.

एक दिवस मी माझी कुबडी त्याच्यापुढे ठेवली आणि करवंटीचे काम समजावून सांगितले. त्याने करवंटी उलटीसुलटी केली.

"आणि ह्ये दोन भोकां कसली?"

"हवा भायर पडाक. मी ती बुजवलंय तेव्हा पडलंय. तूय पडतलंस, पण कमी."

तो हसला. घरी आल्यापासूनचे ते पहिले हसू होते. दुसऱ्या दिवशी त्याने भेंडीच्या झाडाची एक काठी स्वतः तासली. दीड महिना मी त्याला चालायला शिकवत होते, आणि आमच्या घरात लहानाने मोठ्याला शिकवण्याची ती पहिलीच वेळ असावी. तो घाई करी. मी त्याला प्रथम कठीण पट्टा, मग ओला, आणि सर्वांत शेवटी कोरडा, या क्रमाने नेले. पुढे तीस वर्षे वर्गात शिकवताना मी हाच क्रम पाळला, सोप्यापासून अवघडाकडे. तो क्रम मी त्या किनाऱ्यावर पडून आणि पाडून शिकले होते.

पावसाळा संपून रापण पुन्हा लागली, तशी आमच्या ओसरीवर रोज सकाळी मासळीची भरलेली टोपली येऊ लागली. रापणीच्या प्रमुखाने, ज्याला आम्ही तांडेल म्हणत असू, काकासाठी ती मानाने पाठवली होती. टोपली मोठी होती, मासळी निवडक होती. काकी ती घेऊन आत निघाली, तेव्हा काका म्हणाला, परत पाठव. काकीला वाटले त्याला बरे नसेल. चार दिवस टोपली आली आणि चार दिवस परत गेली. रापणीची मासळी परत करणे म्हणजे रापणीशी संबंध तोडणे, असे आमच्याकडे मानतात. पाचव्या दिवशी तांडेल स्वतः आला. साठीचा, उंच, कमी बोलणारा मनुष्य. वडिलांचाही तो मान राखत असे आणि वडील त्याचा.

त्याने विचारले, काय चुकले. मग तांडेलानेच सांगितले की टोपली भीक म्हणून नाही, मान म्हणून पाठवली आहे, आणि देशासाठी पाय दिलेल्या माणसाने आयुष्यभर बसून खाल्ले तरी गावाला ते जड नाही.

"हार घालूक सगळे येतत, तांडेलानू," काका म्हणाला. "हातात दोर देवक कोण येयत नाय. गोळी माका पायाक लागली हा, हाताक नाय."

तांडेलाने दोराचे गणित मांडले, आणि ते खोटे नव्हते. दोर ओढताना माणूस पाय रोवून मागे मागे सरकतो, वर पोचला की दोर सोडून पुन्हा पाण्याशी येतो. वीस माणसांचे पाऊल एका वेळी पडले पाहिजे. मध्ये एक कुबडी आली तर वीस जण अडखळतील. काका मान खाली घालून ऐकत राहिला. त्याला हे तांडेलापेक्षा अधिक कळत होते.

मी दाराच्या आत होते. मी तेथूनच म्हटले की दोर ओढणाऱ्यांच्या मागे बसून आलेला दोर गुंडाळावा लागतो, त्याला चालावे लागत नाही, आणि दोर दोन आहेत.

गुंडाळण्याचे काम ज्याला दुसरे काही जमत नाही त्याला देत; आलटून पालटून कोणीही पोरे ते करीत. तांडेलाला ही सूचना म्हणजे सत्याग्रहीचा अपमान वाटला. त्याहून वाईट म्हणजे काकालाही वाटला.

"माका पोराटोरांच्या कामाक बसयतंस?" तो माझ्याकडे न पाहता म्हणाला.

मी म्हटले, "ताच काम माका मिळाक होया म्हणान मी दहा वर्सां वाट बघतंय, काका. तुका ता हलका वाटता?"

तांडेल उठून गेला. काका दोन दिवस माझ्याशी बोलला नाही आणि मीही त्याच्याशी बोलले नाही. मला राग आला होता आणि तो मी आवरला नाही. ज्या कामासाठी माझा विचारही कोणी केला नव्हता ते काम दुसऱ्याला कमीपणाचे वाटावे, आणि तो दुसराही माझ्याच हाताखाली कुबडीवर चालायला शिकलेला!

तिसऱ्या दिवशी समुद्रात बांगडा मासळीचा थवा आला. पाण्याचा रंग किनाऱ्यावरूनही काळसर दिसत होता. गाव धावला. काकाही आपल्या करवंटीच्या कुबडीवर मधल्या पट्ट्यावरून चालत गेला, मी त्याच्या मागे. होडी दोर सोडत निघाली आणि निम्म्या वाटेवर थांबली. दोराला गाठ बसली होती. एक सोडवली तर पुढे दुसरी, मग तिसरी. होडीतली माणसे गाठींशी झुंजत राहिली आणि पाण्यावरचा काळा डाग आमच्या डोळ्यांदेखत दक्षिणेकडे सरकत गेला.

असे का झाले ते सांगते. काथ्याचा दोर पिळून केलेला असतो आणि पिळाला दिशा असते. आमचे दोर ज्या पिळाचे होते त्यांना उजवीकडून, घड्याळाचे काटे फिरतात तसेच गुंडाळावे लागते. उलटे गुंडाळले तर त्या वेळी काहीच दिसत नाही. वेटोळे चांगले गोल बसते. पण दुसऱ्या दिवशी होडीतून दोर सुटू लागला की प्रत्येक वेटोळ्यात एक पीळ जास्त निघतो, दोर स्वतःभोवती वळतो आणि त्याच्या गाठी होतात. आदल्या दिवशी गुंडाळणारा डावखुरा होता, की गप्पांत होता, कोण जाणे. ज्याला दुसरे काही जमत नाही त्याच्यावर सोपवलेल्या कामात सगळ्या गावाची मासळी अडकून पडली होती, आणि ते सांगण्याइतके त्या कामाकडे कोणाचे लक्षही नव्हते.

होडी रिकामी परतली तेव्हा काकाने तिच्यातला दोर हातात घेऊन पाहिला. मग मला म्हणाला, "उद्या येतंस?"

मी होय म्हटले.

दुसऱ्या दिवशी आम्ही सकाळी सर्वांच्या आधी किनाऱ्यावर गेलो. तो दक्षिणेच्या दोराशी बसला आणि मी उत्तरेच्या. जाळे टाकून झाले, माणसे दोराला लागली, आणि ओला दोर हातहात करत माझ्या मांडीपाशी येऊ लागला. मी उजवीकडून वेटोळी घालत गेले. तांडेल दोन्ही दोरांवर लक्ष ठेवत फिरत होता. काकाकडे पाहून त्याने काही म्हटले नाही. माझ्यापाशी मात्र तो थांबला.

"ऊठ गो चेडवा. बायलमाणूस दोराक बसलेला खंय बघलंस?"

मी हात थांबवले नाहीत. "आता तुमी बघतास मा, मामा."

ओढणाऱ्यांतला एक जण हसला. तांडेल रागावला होता, यात शंका नाही. पण दोर येत होता. दोर यायचा थांबत नाही. गुंडाळणारा उठला तर तो वाळूत ढिगाने पडतो आणि ओढणाऱ्यांच्या पायांत येतो. मला उठवायचे तर माझ्या जागी कोणालातरी बसवायला हवे होते, आणि गुंडाळणारी पोरेही दोराला लागल्यामुळे एक हातही रिकामा नव्हता. तो पुढे गेला. दोन्ही बाजूंची माणसे जाळ्याबरोबर एकमेकांकडे सरकत येतात तसे मलाही तीनदा सरकावे लागले. तीनही वेळा मी कुबडी टेकून उठले, नव्या जागी बसले आणि नवे वेटोळे सुरू केले. तळहातांची साल निघाली होती. काथ्याने आणि खाऱ्या पाण्याने हात किती आग करतो, हे मला त्या दिवशी प्रथमच कळले.

मासळी फार नव्हती. वाटे पडले. तांडेलाने रांगेत काकाचा वाटा घातला आणि त्यावर मानाचे म्हणून आणखी चार बांगडे ठेवले. मग उरलेल्यातली एक मूठ घेऊन तो माझ्याकडे आला आणि कोणाची तरी टोपली माझ्यापुढे सरकवली.

मी टोपली पालथी घातली. जमलेल्या बायकांत कुजबुज झाली. आई मागे कुठेतरी होती, तिने मला हाक मारली. तिच्या आवाजात विनवणी होती.

"माझो वाटो वाळूर घाला, मामा," मी म्हटले. "नायतर काय देव नकात."

तांडेल म्हणाला की एक दिवस बसल्याने कोणी रापणकर होत नाही. दोर कसा गुंडाळला आहे ते उद्या होडीत कळेल. ही गोष्ट मला रास्त वाटली आणि मी तसे म्हटले. काकाने वरचे चार बांगडे उचलून पुन्हा ढिगात टाकले, आपला वाटा इतरांएवढा केला, आणि आपणही उद्यापर्यंत तो उचलणार नाही म्हणून तेथेच सोडून माझ्याबरोबर निघाला. तो वाटा कावळ्यांनी खाल्ला. काकी त्याबद्दल पुढे कित्येक वर्षे आम्हां दोघांना बोलत असे, आणि तिचे म्हणणे बरोबरच होते.

त्या दिवशी मी जेवू शकले नाही. माझ्या दोरात एकही गाठ पडली असती तर काय झाले असते, हे मला पुरते ठाऊक होते. कोणी टाकून बोलले नसते. पुन्हा पाट दिला असता, भिंतीशी बसवले असते, आणि तू बस गो असे पूर्वीपेक्षा जास्त प्रेमाने म्हटले असते.

सकाळी होडी निघाली. मी मधल्या पट्ट्यावर उभी होते. उत्तरेचा दोर वेटोळ्यावेटोळ्याने उलगडत पाण्यात उतरत होता, सरळ, शाळेतल्या फळ्यावर पट्टीने ओढलेल्या रेघेसारखा. होडी कोठेही थांबली नाही. दक्षिणेचा दोरही तसाच गेला, पण खरे सांगते, त्याच्याकडे मी पाहिले नाही. मग मी माझ्या जागी जाऊन बसले आणि या वेळी मला कोणी ऊठ म्हटले नाही.

वाटे पडले तेव्हा तांडेल रांगेने चालत आला. प्रत्येक वाट्यापाशी तो ज्याचा वाटा त्याच्याकडे पाहून पुढे जाई. रांगेच्या टोकाला त्याने एक वाटा घातला, इतरांएवढाच, आणि विचारले,

"ह्यो कोणाचो?"

त्याला माहीत होते कोणाचा ते. वाट्यांची रीतच तशी आहे, विचारायचे आणि धन्याने सांगायचे.

"माझो," मी म्हटले.

आता तो उचलायचा होता. वाकून उचलायचा तर मला कुबडी आडवी ठेवून वाळूवर बसावे लागते, एकेक मासा टोपलीत घालावा लागतो, मग कुबडी उभी करून टोपलीसह उठावे लागते. एक शेजारीण प्रेमाने पुढे आली आणि टोपलीला हात लावू लागली. मी तिला नको म्हटले. ती मागे सरली, पण गेली नाही. तीच काय, कोणीच गेले नाही. सगळ्यांनी आपापले वाटे केव्हाच उचलले होते आणि ते माझे संपण्याची वाट पाहत उभे होते, कारण रांगेतला शेवटचा वाटा उचलला जाईपर्यंत जाळे धुवायला घेत नाहीत.

मी घाई केली नाही. त्यांना थांबू दिले.